महाबळेश्वर, दोन दिवस: आईला पंचगंगा, पोरांना स्ट्रॉबेरी, कसं बसवू?

चिंचबोर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुवार ते शनिवार महाबळेश्वर ठरतंय, ठरतंय म्हणजे नवऱ्याने सुट्टी टाकलीये आणि बाकी सगळं माझ्यावर सोडलंय. पुण्याहून आमच्याच गाडीने जाणार. मी, नवरा, दोन पोरं (९ आणि १३) आणि माझी आई. आई ७२ वर्षांची, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीला मस्त चालते पण पायऱ्या आणि उतार आला की हात धरावा लागतो.

तर गोष्ट अशी की आईला पॉईंटबिईंट काही नकोय. तिला फक्त क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरात, पंचगंगेच्या देवळात जायचंय. माहेर कराडचं, लहानपण सगळं कृष्णेच्या घाटावर गेलं, त्यामुळे "उगम बघायचा राहिलाय" हे मी गेली वीस वर्षं ऐकतेय. मी स्वतः तीनदा महाबळेश्वरला गेलेय आणि खरं सांगते, देवळात एकदाच, तेही पंधरा मिनिटं, कारण ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत होता.

प्रश्न: पायऱ्या किती आहेत? दोन दिवसांत प्रतापगड घालू की नको? आणि फोटोत ते काळ्या दगडाचं, शेवाळलेलं, रिकामं देऊळ दिसतं ते नक्की कुठे आहे, मला तर तिथे कधी दिसलंच नाही.

खादाड_बोका:
जानेवारी म्हणजे स्ट्रॉबेरी ऐन भरात. बाकी सगळं नंतर ठरवा. डिसेंबरातली पहिली फळं दिसायला भारी पण आंबट असतात, जानेवारी-फेब्रुवारीत गोडी येते. बाजारात बॉक्स घेऊ नका, वरच्या थराला मोठी फळं आणि खाली बारकी असा प्रकार असतो. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं आहेत, आत जाऊन विचारा, बरेच शेतकरी पोरांना स्वतः तोडू देतात. जात कुठली, स्वीट चार्ली की विंटर डॉन, असं विचारलंत की समोरच्यालाही जरा बरं वाटतं आणि तो भाव नीट सांगतो, स्वानुभव.

आणि मक्याचं पॅटिस खायचं राहू नये.

घाटमाथा:
@चिंचबोर ताई, काळ्या दगडाचं देऊळ म्हणजे कृष्णाबाई. पंचगंगेच्या मागेच आहे, पाच-सात मिनिटांची वाट, पण शंभरातली नव्वद माणसं तिथे जात नाहीत कारण टॅक्सीवाल्याच्या यादीत ते नसतं. यादीत नसलं की महाबळेश्वरमध्ये ती जागा अस्तित्वातच नसते.

सविस्तर सांगतो. गावातल्या बाजारपेठेपासून क्षेत्र महाबळेश्वर साधारण सहा किलोमीटर. गाडी लावली की दुकानांची गल्ली लागते, काठ्या, चपला, रुद्राक्ष, गवती चहा, मधाच्या बाटल्या. तिथे तीन मुख्य देवळं. महाबळेश्वर, अतिबळेश्वर आणि पंचगंगा. महाबळेश्वराचं लिंग स्वयंभू, गुळगुळीत नाही, रुद्राक्षासारखं खडबडीत आणि वर खळगे आहेत, त्यात पाणी असतं. आत देवाचा पलंग, त्रिशूळ, डमरू ठेवलेलं आहे. पायऱ्या आहेत पण फार नाहीत, अडचण पायऱ्यांची नाही, अडचण ओल्या फरशीची आहे. अनवाणी पाय, दगड गारठलेला आणि जिथे तिथे पाणी सांडलेलं. आईंना जाड मोजे घालू नका, मोजे घसरतात. एक हात तुमचा, एक हात भिंतीला.

पंचगंगेत आत गेलात की समोरच्या भिंतीत ओळीने तोंडं दिसतील, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. आणखी दोन आहेत, भागीरथी आणि सरस्वती. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी वाहते अशी समजूत. सगळं पाणी एकत्र येऊन दगडी गोमुखातून कुंडात पडतं.

आता वेळेचं. सकाळी सातच्या आत पोचा. नऊनंतर टॅक्स्या सुरू होतात, मग तुम्ही देऊळ बघत नाही, पुढच्या माणसाची पाठ बघता.

कृष्णाबाईची वाट मात्र ओबडधोबड आहे, थोडा उतार आणि सुटे दगड. आईंना जमेल असं वाटतं पण घाई न करता.

प्रतापगड वगळा. अंतर चोवीसेक किलोमीटरच आहे पण आंबेनळी घाट उतरून जायचं आणि वर पायऱ्या भरपूर. आई गाडीत बसून राहणार, तुम्ही वर जीव टांगणीला लावून फिरणार, कुणालाच मजा नाही.

एरंडाचं_गुऱ्हाळ:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. महाबळेश्वर आता संपलंय. एका पॉईंटवरून दरी दिसते, दुसऱ्या पॉईंटवरून तीच दरी जरा डावीकडून दिसते. मधे चणेवाला, घोडेवाला आणि माकड. लाँग वीकेंडला वेण्णा लेकपाशी तासभर गाडी हलत नाही. त्यापेक्षा आईंना घेऊन वाईला जा, ढोल्या गणपती बघा, मेणवलीच्या घाटावर बसा. कृष्णा तिथेही तीच आहे.

चिंचबोर:
@एरंडाचं_गुऱ्हाळ, राग नाही, पण आईला उगम हवाय हो, वाई नकोय. वाई तिची तीसदा झालीये. ☺

@घाटमाथा खूप धन्यवाद दादा, मोज्यांचं माझ्या डोक्यातच आलं नसतं, मी तर मुद्दाम लोकरीचे काढून ठेवले होते.

सह्यखडक:
एरंड भाऊ, दरी तीच नाहीये, तिथेच तर गंमत आहे. एकदा नकाशा डोक्यात बसला की महाबळेश्वर वेगळंच दिसतं.

आर्थर सीट पॉईंटला उभे राहा. एका बाजूला खाली सावित्रीचं खोरं, दुसऱ्या बाजूला जोरचं खोरं, म्हणजे कृष्णेचं. मधे भिंतीएवढी डोंगराची धार. पावसाचा थेंब धारेच्या पश्चिमेला पडला तर सावित्रीतून बाणकोट-हरिहरेश्वरला अरबी समुद्रात, शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास की संपला. तोच थेंब हातभर पूर्वेला पडला तर वाई, कराड, सांगली, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र असं जवळजवळ चौदाशे किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागरात. आपण त्या धारेवर उभे राहून सेल्फी काढतो.

आता पाण्याचं. वरचं पठार जांभ्या खडकाचं आहे, जांभा म्हणजे भोकाभोकांचा, स्पंजासारखा. खाली काळा बेसाल्ट. इथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो, २०२१ च्या जुलैत तर एका दिवसात सहाशेच्या जवळ पडला होता, रस्तेच वाहून गेले. एवढं पाणी जांभ्यात मुरतं, बेसाल्टपाशी अडतं आणि जिथे वाट मिळेल तिथे झऱ्याने बाहेर येतं. म्हणून भर मे महिन्यातसुद्धा डोंगराच्या माथ्याजवळ गोमुख चालू. आता पाचही नद्या एकाच भिंतीतून निघतात का, तर भूगोलाच्या पुस्तकात प्रत्येकीचं खोरं वेगळं आणि सुरुवातही वेगवेगळ्या ओढ्यांची. पण सगळ्या याच पठाराच्या कडेकडेने निघतात हे खरंय, सगळ्यांना पाणी पाजणारं हे एकच टोपी घातलेलं डोकं. ज्याने कुणी ती पाच तोंडं एका भिंतीत बसवली त्याला डोंगर नीट कळला होता असं माझं मत.

पाणकळा:
सह्यखडक +१००. मी हे वाचून आमच्या दहावीच्या भूगोलाच्या बाईंना मनातल्या मनात माफ केलं.

संगमावरचा:
मी कराडचा, त्यामुळे धाग्यात उडी घेणं भाग आहे.

ताई, आईंना एक सांगा. पंचगंगेच्या त्या भिंतीत कृष्णा आणि कोयना शेजारी-शेजारी आहेत ना, तिथून निघून कृष्णा पूर्वेकडून वाईला वळसा घालून येते आणि कोयना सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकपर्यंत, तिथे काटकोनात वळून कराडकडे येते. आणि कराडला दोघी समोरासमोर भेटतात. बाकीच्या नद्या एकमेकींना तिरक्या येऊन मिळतात, या दोघी एकमेकींच्या अंगावर धावत येतात आणि मग एकत्र बाजूला वळतात. तोच प्रीतिसंगम. यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे तिथे. वेण्णा बिचारी आधीच साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला मिळून मोकळी होते.

आईंचं लहानपण घाटावर गेलं म्हणालात, त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण उगमापाशी उभं राहून आठवलं तर मजा येईल.

चिंचबोर:
@संगमावरचा, तुमची पोस्ट आत्ता फोनवर आईला वाचून दाखवली. दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली "कोण लिहितंय हे, कुठल्या पेठेतलं?" ☺ पेठ सांगा नाहीतर मला जेवायला देणार नाही.

संगमावरचा:
हा हा. सोमवार पेठ.

मोडीवाचक:
उशिरा आलो. इतिहासाचं थोडं.

धाग्यात वर कुणी "प्राचीन" लिहिलं नाहीये हे बघून बरं वाटलं, नाहीतर तिथे प्रत्येक गाईड पाच हजार वर्षांपासून सुरुवात करतो. जागा जुनी आहे यात वाद नाही. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने तेराव्या शतकात इथे झऱ्यावर देऊळ आणि कुंड बांधलं असं सांगतात. पुढे जावळीचे मोरे आले. पण आज जे दिसतं त्यात वेगवेगळ्या काळातल्या दुरुस्त्या, भर, रंग सगळं मिसळलंय. एवढ्या पावसात दगड तरी किती टिकणार, लाकूडकाम तर सोडाच. त्यातल्या त्यात जुनेपण बघायचं असेल तर कृष्णाबाईच, कारण तिथे कुणी ऑईलपेंट घेऊन पोचलेलं नाही.

१६५६ ला शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, लगेच समोर प्रतापगड उभा राहिला, १६५९ च्या नोव्हेंबरात अफजलखान. हे सगळ्यांना पाठ असतं. पण याच देवळात जानेवारी १६६५ ला सूर्यग्रहणाच्या दिवशी महाराजांनी जिजाऊंची सोन्याने तुला केली, बरोबर म्हातारे सोनोपंत डबीर यांचीही, हे फार जणांना ठाऊक नसतं. आपल्या आईला आणि आपल्या वृद्ध मंत्र्याला एकाच दिवशी पारड्यात बसवणारा राजा. ताई, तुम्ही जानेवारीतच आईला घेऊन जाताय, तेव्हा हे पोरांना सांगा. आजीला सोन्यात तोलणं शक्य नसेल तर स्ट्रॉबेरीत तोला.

आणि ते साहेबांचे पॉईंट. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा अधिकारी इथे चढून आला, १८२८ ला मुंबईचा गव्हर्नर माल्कम आला, त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी ठरवून १८२९ ला ही जागा घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं, घाटातलं नाही, वाईकडचं. पेठेला नाव दिलं माल्कम पेठ. त्याआधी काय इथे नावं नव्हती? आर्थर सीटचं जुनं नाव मढीमहाल. केट्स पॉईंटचं नाके खिंड. वेण्णा लेकसुद्धा इंग्रजांचा नाही, साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला.

खादाड_बोका:
मोडीवाचक सर, त्या आर्थरची बायको-मूल सावित्रीत बुडाले म्हणून तो तिथे बसून राहायचा हे खरं का? आमच्या गाईडने हे सांगताना डोळ्यात पाणी आणलं होतं आणि लगेच दुर्बिणीचे पैसे मागितले.

मोडीवाचक:
आर्थर मॅलेट हा खरा माणूस, अपघाताची गोष्टही सगळीकडे तशीच सांगतात. दुर्बिणीचं तुमचं तुम्ही बघा.

निळी_छत्री:
माझाही एक अनुभव, घाबरवायला नाही, सावध करायला. गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेलो होतो. टॅक्सी ठरवताना "जुनं महाबळेश्वर आहे ना यादीत?" असं तीनदा विचारलं, आहे आहे म्हणाला. देवळाशी पोचल्यावर म्हणतो दहा मिनिटं, पुढे सूर्यास्त चुकेल. दुपारी तीनला सूर्यास्त! सासूबाई पंचगंगेपर्यंत पोचल्या, हात जोडले आणि परत. रांगेत पाण्याला हातसुद्धा लावता आला नाही. घरी आल्यावर आठवडाभर काही बोलल्या नाहीत आणि एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "पाणी गार होतं का गं?"

ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ताई, तुमची गाडी आहे ते फार बरं आहे, टॅक्सीच्या नादी लागूच नका.

माकडांचं एक. चष्मा सांभाळा. एलफिन्स्टन पॉईंटला माझ्या नवऱ्याचा चष्मा गेला, एका चणेवाल्या मामांनी चण्याची पुडी माकडाकडे टाकून सोडवून दिला. एक काडी चावलेली. तो आजही तोच घालतो, सोवेनियर म्हणे.

एरंडाचं_गुऱ्हाळ:
निळी_छत्री, हे वाचून जरा गप्प झालो.

असो. मी वर तिरकस बोललो पण एक कामाचं सांगतो. पुण्याहून निघताना सुरूर फाट्यावरून आत वळल्यावर वाईत नाश्ता करून घ्या, पसरणी घाटात आईंना गाडी लागत असेल तर पोट रिकामंही नको आणि भरगच्चही नको. उतरताना लोक गिअर न बदलता ब्रेकवर पाय ठेवून येतात, अर्ध्या घाटात ब्रेकचा वास येतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये या. आणि राहणार असाल तर बाजारपेठेत नको, क्षेत्र महाबळेश्वरच्या वाटेवर किंवा त्या बाजूला घ्या म्हणजे सकाळी सातला पोचणं जमेल, पाचगणीत राहिलात तर सहाला पोरं उठवायची, ते काही होत नाही.

पाणकळा:
पोरांना आर्थर सीटच्या वाटेवरच्या विंडो पॉईंटला घेऊन जा, तिथे वारा खालून वर येतो, बाटलीचं बूच टाकलं की परत वर येतं असं करून दाखवतात. पण बूच, प्लॅस्टिक काही टाकू देऊ नका प्लीज, वाळलेलं पान टाका, तेही येतं. २००१ पासून हा सगळा भाग इको सेन्सिटिव्ह झोन आहे आणि कठड्यापलीकडे वाकून बघितलं की वेफर्सच्या पाकिटांचा थर दिसतो. शेकरू (ती मोठी खार) दिसलं तर पुण्य समजा.

सह्यखडक:
शेकरू क्षेत्र महाबळेश्वरच्या रस्त्यालाच झाडीत दिसतं, सकाळी. मान वर ठेवा. तिथली झाडंही बघा, जांभूळ, अंजनी, हिरडा, सगळी वाऱ्याने बुटकी आणि वाकडी झालेली, खोडावर शेवाळाचा कोट.

चिंचबोर:
मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत लिहायला चार दिवस उशीर झाला, कारण धाकट्याला स्ट्रॉबेरी बाधल्या. किती खाल्ल्या ते विचारू नका, @खादाड_बोका याला तुम्ही जबाबदार आहात.

एरंडकाकांचं ऐकून मुक्काम त्याच बाजूला घेतला (काका म्हटलेलं चालेल ना?). शुक्रवारी सकाळी पावणेसातला गाडी लावली तेव्हा गल्लीतली दुकानं उघडायची होती, एक आजी गवती चहाच्या जुड्या बांधत होत्या, बाकी शुकशुकाट. थंडी अशी की बोलताना वाफ. नवऱ्याने आईला धरलं, मी पुढे फरशी बघत. महाबळेश्वराचं दर्शन घेतलं, लिंगावरच्या खळग्यातलं पाणी थोरल्याने फार निरखून पाहिलं आणि विचारलं "हे पण जांभ्यातून येतं का", म्हणजे सह्यखडक, तुमची पोस्ट त्याने गुपचूप वाचली होती.

मग पंचगंगा. आत फक्त एक गुरव आणि आम्ही. कुणीही "चला चला" म्हणणारं नाही. आई त्या भिंतीसमोर उभी राहिली आणि एकेक तोंडावरचं नाव मोठ्याने वाचत गेली, शाळेत हजेरी घेतल्यासारखी. कृष्णा म्हटल्यावर थांबली. कोयना म्हटल्यावर मागे वळून मला म्हणाली, "म्हणजे दोघी इथून रुसून निघाल्या आणि आमच्या दारात येऊन भेटल्या." मग बाहेर गोमुखापाशी गेलो, तिने बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात धारेखाली धरला. मी म्हटलं आई गार आहे, बास. तर म्हणे तू गप.

@निळी_छत्री, गार होतं. खूप गार. पहिल्यांदा नुसतं गार लागतं, मग बोटं दुखायला लागतात, मग दुखायचं थांबतं. तुमच्या सासूबाईंसाठी एक छोटी बाटली भरून आणलीये, पत्ता वैयक्तिक संदेशात पाठवा, नाही म्हणू नका.

कृष्णाबाईला जायचं की नाही यावर आमच्यात जरा भांडण झालं. वाट खरंच ओबडधोबड आहे, घाटमाथा दादा बरोबर म्हणाले होते, उतारावर आईचा पाय एकदा घसरलाही, पण बसली नाही, नवऱ्याच्या जॅकेटची बाही मात्र उसवली. तिथे पोचल्यावर सगळं माफ. काळा दगड, खांबांवर शेवाळ, आत शिवलिंग, बाहेर आणखी एक गोमुख आणि कुंड, कुंडावर पानं पडलेली. आणि समोर एकदम दरी उघडते, कृष्णेचं खोरं, खाली धुकं भरलेलं. कुणी नाही. वरच्या देवळातली घंटा ऐकू येत होती तेवढीच. पोरं, जी घरी पाच मिनिटं गप्प बसत नाहीत, ती कठड्यावर बसून राहिली. पाऊण तास होतो तिथे. आईने घरून आणलेले दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच खाल्ली, कागद परत पिशवीत आणले, पाणकळा यांनी नोंद घ्यावी.

जिजाऊंच्या तुलेची गोष्ट सांगितली. धाकटा म्हणाला आजीला तोलायला किती स्ट्रॉबेरी लागतील, मग गाडीत दोघांनी हिशोब केला, आजीने वजन सांगायला नकार दिल्यामुळे तो अर्धवट राहिलाय.

बाकी आर्थर सीट झालं, वाळकं पान तीनदा वर आलं आणि चौथ्यांदा गेलं ते गेलंच. पण दहा वाजता तिथे इतकी गर्दी झाली होती की एरंडकाकांची आठवण काढली. वेण्णा लेकला उतरलोच नाही. शेकरू दिसलं नाही, माकडं दिसली, चष्मा शाबूत.

येताना वाईत थांबलो, आई म्हणाली आता कृष्णा बघायला मजा येते, वरून ओळखीची झाली ना.

निळी_छत्री:
ताई, काय लिहू. पत्ता पाठवलाय. सासूबाईंना अजून सांगितलं नाहीये, बाटली आली की देवघरात ठेवून देणार आणि बघणार त्या काय म्हणतात.

संगमावरचा:
"रुसून निघाल्या" हे आम्हाला एवढ्या वर्षांत कुणाला सुचलं नाही. आईंना माझा नमस्कार सांगा आणि पुढच्या वेळी कराडला आल्या की संगमावर चहा माझ्याकडून.

घाटमाथा:
छान झालं. बाही उसवली त्याबद्दल दिलगीर आहे, "थोडा उतार" ऐवजी "उतार" लिहायला हवं होतं.

एरंडाचं_गुऱ्हाळ:
काका चालेल. पुढच्या महिन्यात मीही जातोय, मधल्या वारी, सकाळी सातला. ती गवती चहावाली आजी कितीला जुडी देते?

चिंचबोर:
विचारलंच नाही हो, तिने आईला एक जुडी तशीच दिली. म्हणाली "पहिली भोवनी तुमच्याकडून नको, तुम्ही देवाकडे निघालाय, येताना बघू." आणि येताना आम्ही मागच्या वाटेने आलो. तुम्ही जाल तेव्हा माझे पैसे देऊन या प्लीज.